साहेबाचें भय आणि घरचें मौन

यंदाच्या भाद्रपदांत आमच्या रत्नागिरीच्या घरीं गणपतीच्या दुसऱ्या दिवशीं सायंकाळची आरती चालू होती. कोंकणांतील घराला या दिवसांचें महत्त्व काय असतें, हें वाचकांस सांगावयास नको. मुंबई-पुण्याहून, क्वचित् परदेशांतूनहि, माणसें येतात. ओटीखालीं चपलांची रांग लागते. माजघरांत मोदकपात्राची वाफ भरून राहते. आमच्या धाकट्या बंधूंचे चिरंजीव पुण्यास एका मोठ्या कंपनींत नोकरीस आहेत, तेहि आले होते. लहानपणापासून आरतीची झांज त्याच्याच हातीं. दुसऱ्या आरतीच्या वेळीं त्याच्या खिशांतला मोबाइल थरथरला. त्यानें तो काढून पाहिला, झांज आमच्या कन्येच्या हातीं दिली आणि तो पडवींत निघून गेला. मंत्रपुष्प झालें, प्रसाद वाटून झाला, तरी तो परत येईना. म्हणून आम्ही पाहावयास गेलों, तों हे गृहस्थ पोफळींकडे तोंड करून 'येस सर, सॉरी सर' असें एकसारखें म्हणत उभे! पलीकडचा आवाज आम्हांस पायरीवरून ऐकूं येत होता. शब्द कळले नाहींत. पण सूर कळावयास शब्द लागत नाहींत.

रजा रीतसर मंजूर झालेली होती. परंतु एका तक्त्यांतील आकडा साहेबांस हवा तसा नव्हता. "गणपति दरवर्षीं येतो, नोकरी दरवर्षीं येत नाहीं," असें ते त्यास म्हणाले होते. हें ऐकून आम्हीं काय करावें? आम्हीं त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हटलें, "अरे, नोकरी म्हटली कीं बोलणीं खावींच लागतात. आम्हीं तीस वर्षें सरकारी कचेरींत काढलीं, तीं काय फुलांच्या पायघड्यांवरून? दोन दिवसांत विसरशील." त्यानें मान हलविली आणि तो आंत गेला. आपण वडीलकीचें कर्तव्य बजावलें, असें आम्हांस वाटलें.

रात्रीं एकच्या सुमारास आम्ही पाणी पिण्यास उठलों, तर माडीवर दिवा होता. पुतण्या लॅपटॉपपुढें बसला होता; काम चाललें नव्हतें, नुसता बसला होता. दुसऱ्या दिवशीं भावजयीनें डोळ्यांना पदर लावून सांगितलें, तें ऐकून आम्ही ओशाळलों. चार महिने त्याला धड झोप नाहीं. रविवारची संध्याकाळ झाली कीं त्याच्या पोटांत दुखूं लागतें. हें आमच्या मातोश्रींस ठाऊक होतें, आमच्या सौभाग्यवतींस ठाऊक होतें, कॉलेजांत जाणाऱ्या आमच्या कन्येसहि ठाऊक होतें. ठाऊक नव्हतें तें घरांतल्या दोन कर्त्या पुरुषांस, म्हणजे त्याच्या वडिलांस आणि आम्हांस.

मग आम्हीं त्यास झोपाळ्यावर शेजारीं बसविलें आणि या खेपेस आपण न बोलतां ऐकावयाचें ठरविलें. त्यानें सांगितलें तें थोडक्यांत असें. दर सोमवारीं सभा भरते. पडद्यावर सर्वांचीं नांवें येतात आणि कोणाचें तरी नांव तांबड्या रंगांत येतें. त्या माणसास सर्वांदेखत उभें करून विचारणा होते व बाकीचे खालीं पाहतात. शंका काढणारा 'नकारात्मक वृत्तीचा' ठरतो. मध्यरात्रीं आलेल्या निरोपास सकाळपर्यंत उत्तर दिलें नाहीं, तर निष्ठा कमी. वर्षांत तिघांनीं नोकरी सोडली. सुटून गेलेल्यांचें नांव त्या कचेरींत पुन्हां कोणी काढीत नाहीं. शेवटीं तो म्हणाला, "काका, शिव्या खाल्ल्या याचें मला इतकें लागलें नाहीं. एका तक्त्यांत आकडा चुकीचा आहे हें मला दोनदां दिसलें आणि दोन्ही वेळां मी गप्प बसलों, तें लागलें."

हें वाक्य आमच्या मनांतून गेलें नाहीं, आणि आजचा लेख त्यामुळेंच लिहीत आहों.

प्रथम एक घोटाळा दूर केला पाहिजे. कडक साहेब आणि विखारी साहेब हे एक नव्हेत. आमचे पहिले वरिष्ठ असे कडक होते कीं, त्यांच्या तांबड्या शाईनें आमचे मसुदे रक्तबंबाळ होऊन परत येत. परंतु ते चूक मसुद्यांत दाखवीत, माणसांत नव्हे; आणि वरून विचारणा झाली कीं, "कागदावर सही माझी आहे," असें म्हणून स्वतः पुढें होत. त्यांचा धाक होता, पण चूक झाली कीं आम्ही ती त्यांच्यापाशींच प्रथम नेत असूं. कडकपणा आणि विखार यांतील भेद ओळखण्याची आमची कसोटी हीच: वाईट बातमी साहेबापाशीं आधीं पोंचते कीं शेवटीं? जेथें ती शेवटीं पोंचते, तेथें दिवाणखाना कितीहि चकचकीत असो, घर पोखरलेलें समजावें.

याचें उदाहरण शोधावयास रत्नागिरीकरांस लांब जावयास नको. आमच्याच जिल्ह्यांत, गुहागर तालुक्यांत, वासिष्ठीच्या मुखाशीं अंजनवेल गांव आहे. तेथील वीजप्रकल्प 'एन्रॉन' या नांवानें एके काळीं महाराष्ट्रांतल्या घराघरांत बोलला जाई. अमेरिकेंतील ह्यूस्टन शहरच्या या कंपनीनें १९९२ सालीं येथें येण्याचा प्राथमिक करार केला. १९९३ च्या डिसेंबरांत राज्य वीज मंडळाशीं वीजखरेदीचा करार झाला. १९९५ सालीं नव्या सरकारनें तो रद्द केला व १९९६ सालीं फेरबोलणी होऊन काम पुन्हां सुरू झालें. १९९९ च्या मे महिन्यांत ७४० मेगावॅटचा पहिला टप्पा चालू झाला आणि विजेच्या दराचा व थकबाकीचा वाद विकोपास जाऊन दोनच वर्षांत, २००१ च्या मे महिन्यांत, बंद पडला. त्या भांडणाची चर्चा आपण पुष्कळ केली. परंतु या कंपनीच्या मुख्य कचेरींत माणसें कशीं राबत होतीं, याकडे आपलें लक्ष फारसें गेलें नाहीं.

तेथें दर सहा महिन्यांनीं प्रत्येक नोकरास १ ते ५ अशी प्रत लावीत. ५ ही सर्वांत खालची प्रत, आणि सुमारें १५ टक्के माणसांस ती लागलीच पाहिजे, असा दंडक. सर्वांनीं उत्तम काम केलें तरी कांहींजण तळाला जाणारच! तळाला गेलेल्यास कंपनींत दुसरी जागा शोधण्यास थोडी मुदत, नाहीं तर घरचा रस्ता. प्रत ठरविणार वरिष्ठांची समिति. अशा ठिकाणीं शेजाऱ्यास मदत करणें म्हणजे स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेणें होय. आणि वरिष्ठाचा हिशेब चुकतो आहे, असें म्हणणें म्हणजे आपणच आपली प्रत लावून घेणें होय. मौज अशी कीं, याच कंपनीनें २००० सालीं नोकरांसाठीं नीतिनियमांचें ६४ पानांचें पुस्तक काढलें होतें, आणि 'आदर' व 'सचोटी' हीं तिचीं जाहीर तत्त्वें होतीं.

कंपनी बुडाली ती हिशेबांतील लबाडीनें. कर्जें दडवून नफा फुगवून दाखविला जात होता. ही लबाडी त्या प्रतवारीनें निर्माण केली, असें आम्ही म्हणत नाहीं; पण ती इतकी वर्षें झांकून राहिली, त्यास आंतल्या भयाची साथ होती, हें उघड आहे. २००१ च्या ऑगस्टांत मुख्य अधिकारी जेफ्री स्किलिंग यांनीं एकाएकीं राजीनामा दिला, तेव्हां शेरॉन वॉटकिन्स या उपाध्यक्षपदावरील बाईनें अध्यक्ष केनेथ ले यांस हिशेबांतील घोळाविषयीं पत्र लिहिलें. एवढ्या मोठ्या हुद्द्याच्या बाईनें तें प्रथम निनांवी लिहिलें, यांतच सर्व आलें! पुढें ती स्वतः जाऊन अध्यक्षांस भेटली. आणि त्या भेटीनंतर दोन-चार दिवसांतच अशा नोकरास काढल्यास कायद्याची अडचण येते किंवा कसें, याविषयीं वकिलांचा अभिप्रायहि कंपनीपाशीं येऊन पडला.

पुढील हकीकत सर्वश्रुत आहे. २ डिसेंबर २००१ रोजीं एन्रॉननें दिवाळें जाहीर केलें. सव्वा वर्षापूर्वीं ९० डॉलरांना गेलेला तिचा भाग एका डॉलरच्याहि खालीं आला. दुसऱ्याच दिवशीं ह्यूस्टनमधील सुमारें ४,००० नोकरांस घरीं पाठविलें. ज्यांनीं म्हातारपणची पुंजी कंपनीच्याच भागांत ठेविली होती, त्यांची नोकरी आणि पुंजी एकाच आठवड्यांत गेली. २००६ सालीं ले व स्किलिंग दोघेहि न्यायालयांत दोषी ठरले. ले शिक्षा होण्यापूर्वींच वारले, स्किलिंग २०१९ पर्यंत कैदेंत होते. इकडे अंजनवेलचीं यंत्रें पांच वर्षें निजून राहिलीं. २००५ सालीं एनटीपीसी आणि गेल यांनीं मिळून नवी कंपनी स्थापिली व २००६ सालीं तीं पुन्हां हलूं लागलीं. एका दूर शहरांतील दिवाणखान्यांत माणसें खरें बोलण्यास भ्यालीं, त्याचा चटका आपल्या खाडीपर्यंत पोंचतो, तो असा.

एन्रॉन ही जुनी गोष्ट झाली म्हणावें, तर २०२४ सालचें पुण्याचें उदाहरण ताजें आहे. अर्न्स्ट अँड यंग या जगप्रसिद्ध लेखापाल कंपनीच्या पुणें येथील कचेरींत लागलेली २६ वर्षांची एक सनदी लेखापाल मुलगी चार महिन्यांतच, त्या जुलैंत, निवर्तली. सप्टेंबरांत तिच्या आईनें कंपनीच्या भारतांतील अध्यक्षांस पत्र लिहिलें. कामाच्या असह्य ओझ्यानें मुलगी गेली, आणि अंत्यविधीसहि कचेरींतून कोणी आलें नाहीं, असा त्याचा आशय होता. न येण्याबद्दल अध्यक्षांनीं खेद प्रकट केला. कामाच्या ताणानें मृत्यु ओढवला, हें मात्र त्यांनीं मान्य केलें नाहीं. राष्ट्रीय मानवाधिकार आयोगानें आपण होऊन दखल घेतली. श्रम खात्यानें तपास केला, तेव्हां २००७ पासून चालणाऱ्या त्या कचेरीची दुकानें व आस्थापना कायद्याखालीं नोंदणीच नव्हती, असें बाहेर आलें. कोणाचा दोष किती, हें ठरविणें आमचें काम नव्हे. आम्हांस त्या पत्राची तारीखच बोलते. आईनें जें लिहिलें, तें लिहिण्याचा प्रसंग मुलगी असतांना आला असता, तर?

आतां आमच्या घराकडे परत वळतों. कारण खरा प्रश्न तेथें आहे. झोपाळ्यावर आम्हीं पुतण्यास विचारलें, "अरे, चार महिने हें चाललें आहे, तर आम्हांला कां सांगितलें नाहींस?" तो जरा थांबला आणि म्हणाला, "काका, रागावूं नका. लहानपणीं गुण कमी पडले कीं आम्ही सगळीं भावंडें आधीं आजीकडे जात असूं. आजी काकूंना सांगे, काकू तुमचें जेवण झाल्यावर वेळ पाहून तुम्हांला सांगत. तुमच्यापाशीं सरळ कोण येणार?"

वाचकहो, हें त्यानें उपहासानें सांगितलें नाहीं. 'चुलीपाशीं धूर असतो' इतक्या सहजपणें सांगितलें. आमच्या घरांत आम्हीं कोणावर हात उगारला नाहीं, कोणास उपाशीं ठेविलें नाहीं. परंतु आमच्या घरांत वाईट बातमी आमच्यापाशीं सर्वांत शेवटीं येत होती. परसदारानें हिंडून, वेळ पाहून, शब्द मऊ करून येत होती. आणि या व्यवस्थेस आम्ही 'वडीलधाऱ्यांचा मान' म्हणत होतों. अशा घरांत वाढलेला मुलगा तांबड्या रंगांत नांव आल्यावर खालीं पाहील, नाहीं तर काय करील? खालीं पाहण्याचा अभ्यास त्याचा आमच्यापाशींच झाला होता. आणि आपल्याच घरांतलीं मुलें उद्यां साहेबहि होतात, हें विसरून चालणार नाहीं. पुण्याचा तो साहेबहि कोणाच्या तरी माजघरांत वाढलेला असणार.

म्हणून एकत्र कुटुंबांतील वडील माणसांस आम्ही चार गोष्टी सुचवितों. त्या आम्हीहि उशिरांच शिकलों.

पहिली गोष्ट, नोकरी करणाऱ्या मुलामुलींस, सुनांस व जांवयांस पगार किती वाढला, हें विचारण्याआधीं झोप लागते का, हें विचारावें. आणि विचारल्यावर आपली तीस वर्षांची कहाणी सांगूं नये. आमच्या वेळचा साहेब सायंकाळीं कचेरीला कुलूप लावून घरीं जाई. आजचा साहेब खिशांत बसून देवघरापर्यंत येतो. दोहोंची तुलना होऊं शकत नाहीं.

दुसरी गोष्ट कागदाची. अशा कचेरींत असणाऱ्यानें एक साधी वही घरीं ठेवावी: तारीख, वेळ, काय झालें, समोर कोण होतें. तोंडी मिळालेला संशयास्पद हुकूम 'आपण सांगितल्याप्रमाणें असें करीत आहें, बरोबर ना?' असा नम्र मजकूर लिहून पक्का करून घ्यावा. पगाराचीं पत्रकें, नेमणुकीचें पत्र, रजेच्या मंजुऱ्या आपल्यापाशीं असाव्यात; कंपनीचे गुप्त कागद मात्र घरीं आणूं नयेत, त्यानें आपलीच बाजू लंगडी पडते. स्त्रियांस लैंगिक त्रास होत असेल, तर २०१३ च्या कायद्यान्वयें दहा अगर अधिक माणसांच्या प्रत्येक कचेरींत अंतर्गत समिति असलीच पाहिजे, व तक्रार सामान्यतः तीन महिन्यांच्या आंत लेखी द्यावयाची असते. हें सुनेस किंवा मुलीस ठाऊक आहे का, तें आजच विचारावें.

तिसरी गोष्ट पैशाची. रागाच्या भरांत राजीनामा फेंकूं नये. नोटिशीची मुदत, येणें-देणें, घराच्या कर्जाचा हप्ता, सर्व पाहून पाऊल टाकावें. परंतु येथेंच एकत्र कुटुंबाचा खरा उपयोग आहे. एकट्या बिऱ्हाडाला सहा महिन्यांचा खर्च गांठीस असल्यावांचून हलतां येत नाहीं, आपल्याला येतें. 'तूं सहा महिने घरीं बसलास तरी ताटांतलें कांहीं कमी होणार नाहीं,' हें एक वाक्य वडिलांच्या तोंडून स्पष्ट निघालें पाहिजे. तें गृहीत आहे, असें आपण समजतों. पण न बोललेलें वाक्य मध्यरात्रीं एकट्या जागणाऱ्या मुलास ऐकूं येत नाहीं.

चौथी गोष्ट, झोप, भूक व बोलणें तिन्ही हरपलीं असतील, तर तो स्वभाव समजूं नये, दुखणें समजावें आणि वैद्याकडे न्यावें. सरकारच्या 'टेलि-मानस' सेवेचा १४४१६ हा क्रमांक २०२२ पासून आहे. तेथें मराठींतहि बोलतां येतें. तापाला डॉक्टर बोलावतांना आपण लाजत नाहीं. मग येथें लाज कसली?

पुतण्या अनंतचतुर्दशीनंतर पुण्यास गेला. त्या चुकीच्या आकड्याविषयीं त्यानें साहेबांस लेखी कळविलें. उत्तर आलें नाहीं. पुढल्या सोमवारीं त्याचें नांव तांबड्या रंगांत आलें. या वेळीं त्यानें खालीं पाहिलें नाहीं, इतकेंच तो आम्हांस फोनवर म्हणाला. दिवाळीपूर्वीं त्यानें राजीनामा दिला. नवी जागा मिळाली आहे. पगार पूर्वीच्या पाऊणपट आहे. घराचा हप्ता तूर्त आमचे बंधू व आम्ही मिळून भरतों.

शेजारीपाजारी विचारूं लागले, तेव्हां बंधूंनीं 'बदली झाली' असें सांगावयास सुरुवात केली होती. आमच्या मातोश्रींनीं तें ऐकलें आणि त्या माजघरांतून बाहेर आल्या. "सोडली म्हणून सांग," त्या म्हणाल्या. "चोरी केलेली नाहीं त्यानें." त्या दिवसापासून आमच्या घरीं 'सोडली' असेंच सांगितलें जातें.

गेल्या पंधरवड्यांत बंधूंची धाकटी मुलगी सहामाहीची गणिताची उत्तरपत्रिका घेऊन थेट आमच्यापाशीं आली. कोणीतरी तिला तसें सांगून पाठविलें असावें. हात किंचित् कांपत होता. गुण किती होते, तें येथें लिहिण्याचें प्रयोजन नाहीं. आम्हीं चष्मा काढून ठेवला, तिला झोपाळ्यावर शेजारीं बसविलें, आणि उत्तरपत्रिका उघडण्यापूर्वीं ती आमच्यापाशीं आली याबद्दल तिला शाबासकी दिली.